जनरल थोरातांचा कागद

तुमच्या वावराचा धुरा कुठून कुठे जातो, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. कुठे निंबाचे झाड आहे, कुठे दगड रोवला आहे, शेजाऱ्याने कोणत्या साली दोन तास आत घेतले, हे सारे तुम्हाला पाठ असते. देशालाही असाच धुरा असतो. त्याला सीमा म्हणतात.

आपल्या देशाची उत्तरेची सीमा हिमालयातून जाते. अमरावती-अकोल्याहून ती फार लांब आहे. आपल्याकडे चिखलदऱ्याला थंडी पडली की आपण गोधडी शोधतो. हिमालयात पूर्वेकडे सेला नावाची एक खिंड आहे. ती चिखलदऱ्याच्या साडेतीन पटींहून जास्त उंचीवर आहे. तिथे श्वास घ्यायलाही कष्ट पडतात. १९६२ साली अशा जागी आपल्या जवानांना लढावे लागले.

त्या लढाईच्या तीन वर्षे आधी एका मराठी सेनापतीने एक कागद लिहिला होता. ही त्या माणसाची आणि त्या कागदाची गोष्ट आहे.

त्यांचे नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. ते कोल्हापूरकडचे. जन्म १९०६ सालचा. त्या वेळी इंग्रजांचे राज्य होते. फौजेत शिपाई आपले, पण साहेब सारे गोरे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी थोडे दार उघडले. इंग्लंडात सँडहर्स्ट या गावी फौजेच्या अधिकाऱ्यांची शाळा आहे. तिथे हिंदी मुलांसाठी वर्षाला फक्त दहा जागा ठेवल्या. एवढा मोठा देश आणि जागा दहा! थोरात तिथे शिकले आणि १९२६ साली अधिकारी झाले. पंजाबी पलटणीत त्यांची नेमणूक झाली. मराठी माणूस, हाताखाली पंजाबी आणि पठाण जवान. त्यांची भाषा शिकायची, त्यांचे खाणे खायचे, सुखदुःख ओळखायचे. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले.

दुसरे महायुद्ध आले. जपानी फौज ब्रह्मदेशात शिरली होती. १९४५ साली ती मागे हटत होती. ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगाव नावाचे गाव आहे. जपान्यांची परतीची वाट तिथूनच जात होती. ती वाट बंद करायची होती. हे काम एका ब्रिगेडवर सोपवले. ब्रिगेड म्हणजे तीन पलटणींची फौज. या ब्रिगेडची गोष्ट अशी की, तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. एक थोरात, दुसरे थिमय्या, तिसरे सेन. ही तीन नावे ध्यानात ठेवा. पुढे पुन्हा येतील.

जानेवारीच्या अखेरीस थोरातांच्या पलटणीने तिथली एक टेकडी जपान्यांकडून घेतली. जपानी सैनिक हटत नसे, मरेपर्यंत लढे. संगिनीने लढावे लागले. पुष्कळ माणसे पडली. पण वाट बंद झाली. तिन्ही प्रमुखांना डी. एस. ओ. हे शौर्याचे मोठे पदक मिळाले. हिंदी माणूस शिपाई म्हणून चांगला, पण त्याला पलटण चालवता यायची नाही, असे म्हणणाऱ्या गोऱ्या साहेबांना कांगावला उत्तर मिळाले.

इथे थोडे आपल्या वऱ्हाडाचे सांगतो. थिमय्यांची पलटण हैदराबाद रेजिमेंटची होती. ही रेजिमेंट कुठून आली? जुन्या काळी निजामाच्या राज्यात इंग्रजांनी एक फौज ठेवली होती. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. खर्च निजामाने द्यायचा. तो थकला. म्हणून १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड लावून घेतले. आपल्या आज्या-पणज्यांनी कापूस-जवारी पिकवून जो सारा भरला, त्यावर ती फौज पोसली गेली. एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, तिची छावणी होती. त्याच फौजेच्या पलटणींतून पुढे हैदराबाद रेजिमेंट तयार झाली. त्या पलटणींतील एकीचे नावच बेरार इन्फन्ट्री, म्हणजे वऱ्हाडची पलटण, असे होते. आज त्या रेजिमेंटला कुमाऊं रेजिमेंट म्हणतात.

देश स्वतंत्र झाला. थोरात मेजर जनरल झाले. १९५३ साली त्यांच्यावर एक अवघड काम आले, आणि ते लढाईचे नव्हते.

कोरिया नावाचा देश चीनच्या शेजारी आहे. तिथे तीन वर्षे युद्ध चालले. एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन. दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया, अमेरिका आणि तिचे सोबती. जुलै १९५३ मध्ये युद्ध थांबले. पण एक पेच उरला. पकडलेल्या कैद्यांपैकी बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी म्हणत, आम्हाला घरी जायचे नाही. त्यांचे सरकार म्हणे, हे खरे नाही, तुम्ही त्यांना धमकावता. मग खरे कोण ठरवणार? दोन्ही बाजूंना चालेल असा मधला माणूस पाहिजे. तो मान भारताला मिळाला. पाच देशांचा आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष थिमय्या झाले. कैद्यांची राखण करायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख थोरात. कांगावचे दोन सोबती पुन्हा एकत्र आले.

राखणदाराची किती पंचाईत असते पाहा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष म्हणाले, भारताच्या शिपायाचा पाय माझ्या भूमीला लागू देणार नाही. तेव्हा आपले जवान बोटीतून उतरले ते हेलिकॉप्टरमध्ये बसून छावणीत गेले. छावणीत कैद्यांमध्येच तट होते. घरी जायचे असे कोणी म्हणाला तर बाकीचे त्याला मारून टाकायला बघत. आणि आपल्या जवानांना सक्त हुकूम होता, होता होईल तो गोळी चालवायची नाही.

सप्टेंबर महिन्यात चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडले आणि कुंपणाच्या आत ओढून नेले. गोळीबार केला तर मेजरचा जीव जाईल. न करावा तर उद्या कोणीही कोणालाही ओढून नेईल. थोरात स्वतः थोड्या माणसांनिशी आत गेले. कैद्यांनी त्यांनाही वेढले. आरडाओरडा सुरू झाला. थोरात रागावले नाहीत. ते म्हणाले, चिनी लोक पाहुणचाराला चांगले असे मी ऐकले होते. मी इतका वेळ इथे आहे आणि मला कोणी चहा विचारला नाही, की सिगारेट दिली नाही. कैदी चपापले. हातघाईची वेळ टळली, बोलणे सुरू झाले. शेवटी मेजरला घेऊन थोरात बाहेर आले. या कामाबद्दल सरकारने त्यांना अशोकचक्र दुसरा वर्ग हे पदक दिले. १९६७ पासून त्या पदकाला कीर्तिचक्र म्हणतात.

डी. एस. ओ. मिळाले ते टेकडी घेतली म्हणून. हे मिळाले ते गोळी चालवली नाही म्हणून. मला विचाराल तर मी दुसरे मोठे मानतो. तुमचे मत वेगळे असू शकेल.

आता कागदाकडे येऊ.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. त्यांचे मुख्य ठाणे लखनौला होते. थिमय्या साऱ्या फौजेचे प्रमुख झाले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ईशान्येच्या सीमेवर लोंगजू या चौकीवर चिनी फौजेने हल्ला केला. त्या मुलखाला तेव्हा नेफा म्हणत. आज तो अरुणाचल प्रदेश आहे. या हल्ल्यानंतर तिथल्या सीमेची राखण फौजेकडे आली, म्हणजे थोरातांच्या माथी आली.

थोरातांनी आधी पाहिले, हिशेब केला, आणि मग लिहिले. कागदावर तारीख घातली, ८ ऑक्टोबर १९५९.

कागदात काय होते ते आपल्या भाषेत सांगतो. सीमेची रेषा डोंगराच्या माथ्यावरून जाते. आपल्या बाजूने तिथवर रस्ते नाहीत. जवानांना पीठ-मीठ, गोळ्या, घोंगड्या पोचवायच्या तर हमालाच्या पाठीवरून, खेचरावरून, नाहीतर विमानातून खाली टाकून. चीनच्या बाजूला तिबेटचे पठार आहे. तिथे त्यांनी रस्ते केले आहेत. तेव्हा ऐन रेषेवर उभे राहून आपण मोठी लढाई लढू शकणार नाही.

मग करायचे काय? तुम्ही रानडुकरांपासून जवारी कशी राखता ते आठवा. धुऱ्यावर पत्र्याचा डबा बांधता. तो वाजला की समजते, जनावर शिरले. पण राखण करणारा धुऱ्यावर बसत नाही. त्याचे मचाण आत असते, जिथून चहूकडे धावता येते. थोरातांचे म्हणणे असेच होते. सीमेवर छोट्या चौक्या ठेवा. त्यांनी खबर द्यायची. खरी भक्कम फळी मागे उभारा, जिथवर आपला रस्ता आणि रसद पोचेल. शत्रू डोंगर उतरून खाली येईल तसा त्याचा दाणागोटा मागे राहील. तो दमला की त्याच्यावर तुटून पडा. यासाठी आणखी इतकी फौज लागेल आणि रस्ते करावे लागतील, हेही त्यांनी मांडले. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला याचा सराव करून दाखवला. सरावाचे नाव होते ‘लाल किल्ला’. फौजेचे बडे अधिकारी तो पाहायला आले होते.

थिमय्यांना हे पटले. त्यांनी कागद वर पाठवला. वर म्हणजे कुठे, हे समजून घेऊ.

आपल्या देशात फौज स्वतःच्या मर्जीने चालत नाही. तुम्ही-आम्ही मत देतो. आपण निवडून दिलेल्यांतून संरक्षणमंत्री होतो. त्याच्या हाताखाली संरक्षण खाते असते. खात्याचा कारभार संरक्षण सचिव पाहतो. हा सचिव गणवेशातला नसतो, मुलकी नोकर असतो. क्वचित असाही सचिव होतो ज्याने तरुणपणी बंदूक धरलेली असते. शेखर दत्त असे होते. १९७१ च्या लढाईत ते तोफखान्यात होते, त्यांना सेना मेडल मिळाले होते. पुढे मुलकी नोकरीत चढत चढत ते २००५ ते २००७ या काळात संरक्षण सचिव होते. त्यानंतर २०१० ते २०१४ ते आपल्या शेजारच्या छत्तीसगडचे राज्यपाल होते. पण असे थोडे. सेनापतीने सल्ला द्यायचा, मंत्र्याने ठरवायचे, ही आपली रीत आहे.

रीत चांगली आहे. शेजारी पाकिस्तानात १९५८ च्या ऑक्टोबरात सेनापतीनेच राज्य हाती घेतले. तिथल्या लोकांची मते कोणी विचारली नाहीत. आपल्याकडे तसे झाले नाही. पण या रीतीला एक गोष्ट लागते. सल्ला वाचला गेला पाहिजे.

त्या वेळी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते. माणूस विद्वान, पण फटकळ. धोका पाकिस्तानकडून आहे, चीन मोठी लढाई करणार नाही, असे त्यांना वाटे. तसे वाटणारे ते एकटे नव्हते. त्यांनी थोरातांचे म्हणणे उडवून लावले. उगाच घाबरवता, असे म्हटले. थोरातांनी पुढे आपल्या आठवणींत हे लिहिले आहे. कागद पंतप्रधान नेहरूंपर्यंत पोचलाच नाही.

एका साक्षरता वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागून एक बाबाजी म्हणाले, “गुर्जी, मंग थोरात साहेबानं पेपरात काहून नाही छापून आणलं?”

प्रश्न बरोबर आहे. पण सैनिक शपथ घेतो. फौजेचा बेत पेपरात छापला तर शत्रूही वाचेल. आणि मंत्र्याशी पटले नाही म्हणून सेनापती चव्हाट्यावर भांडू लागला, तर उद्या पाकिस्तानसारखे व्हायला किती वेळ? थोरात गप्प राहिले. आपल्या विभागात होईल ते करत राहिले. गप्प राहणे त्यांना सोपे गेले असेल असे मला वाटत नाही.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मनात होते की आपल्या जागी थोरातांनी यावे. तशी शिफारस त्यांनी केली. सरकारने जनरल थापर यांना नेमले. थापर नोकरीत थोरातांना ज्येष्ठ होते, म्हणून सरकारने नियम मोडला असे म्हणता येत नाही. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. पूर्व विभागाच्या त्यांच्या जागेवर आले लेफ्टनंट जनरल सेन. होय, कांगावचे तिसरे सोबती.

थोरातांनी गणवेश उतरवला. आता काय? पेन्शन घेऊन अंगणात बसायचे? महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी नुकतेच झाले होते. नव्या राज्याला माणसे निवडायची होती. ती निवडायला महाराष्ट्र लोकसेवा आयोग असतो. गावात तहसीलदार येतो, तो बहुधा या आयोगाची परीक्षा देऊन पुढे आलेला असतो. थोरात या आयोगाचे अध्यक्ष झाले. ज्याने आयुष्यभर जवान पारखले, तो आता कारभारी पारखू लागला. या कामात पदके नसतात. वशिला घेऊन येणाऱ्याला परत पाठवावे लागते, एवढेच.

इकडे सीमेवर सरकारने १९६१ च्या अखेरीपासून उलटा मार्ग धरला. रेषेच्या जवळ, पुढे पुढे, लहान लहान चौक्या बसवल्या. म्हणजे मचाण सोडून राखणदाराला धुऱ्यावर नेऊन बसवले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौज चालून आली. आपले जवान शूरपणे लढले. पण कित्येकांच्या अंगावर सुती कपडे होते. पायात कॅनव्हासचे बूट. कापसाचे मोल आपल्या वऱ्हाडापेक्षा कोणाला जास्त ठाऊक असणार? पण बर्फात सुती कपडा काय कामाचा! गोळ्या कमी, रस्ता नाही, तोफा थोड्या. नोव्हेंबरच्या मध्यावर सेला खिंड गेली, मग बोमडिला गेले. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून लढाई थांबवली.

त्याआधीच मेनन यांना मंत्रिपद सोडावे लागले होते. नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावले. ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे त्या वेळी लोक म्हणत.

आणि नेहरूंना थोरातांची आठवण झाली. दोघांची भेट झाली. थोरात सांगतात की त्या वेळी तीन वर्षांपूर्वीचा तो कागद पंतप्रधानांपुढे आला. नेहरूंनी विचारले, हा मला आधी का दाखवला नाही? थोरातांनी एवढेच सुचवले की, हे मेनन यांना विचारावे लागेल.

इथे क्षणभर थांबा. थोरात १९५९ साली नुसते बोलले असते, तर तीन वर्षांनी काय उरले असते? मी बोललो होतो, असे ते म्हणाले असते. तुम्ही बोलला नाहीत, असे दुसरा म्हणाला असता. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो. पण कागद होता. त्यावर तारीख होती. तलाठ्याकडे अर्ज देताना तारीख घाला आणि पोच मागा, असे आपल्या वर्गात नेहमी सांगतात, ते यासाठीच.

त्या कागदाप्रमाणे केले असते तर लढाई जिंकलीच असती, असे मी म्हणणार नाही. रस्ते दोन वर्षांत होत नाहीत. फौज उभारायला पैसा लागतो, आणि त्याच पैशातून धरणे आणि शाळाही करायच्या होत्या. शिवाय ही हकीकत मुख्यतः थोरातांच्या बाजूने सांगितलेली आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण निदान पंतप्रधानांनी तो वाचून नको म्हटले असते, तर ती गोष्ट वेगळी होती. न वाचताच तो पडून राहिला.

नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली. देशाच्या राखणीबद्दल सरकारला सल्ला देणारे हे मंडळ. त्यात थिमय्या आणि थोरात या दोघांना बोलावले. दोघांच्याही अंगावर आता गणवेश नव्हता. फौजेला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. साधे कपडे घालून, मंत्र्यांशेजारी बसून बोलायचे, विचारले ते सांगायचे. ज्या दारापाशी त्यांचा कागद अडला होता, त्या दाराच्या आत त्यांना खुर्ची मिळाली. तोवर नेफातून जखमी जवान खाली आणले जात होते.

थोरातांनी पुढे आपल्या आठवणींचे पुस्तक इंग्रजीत लिहिले. त्याच्या नावात फौजेचे दोन बिगूल आहेत. एक पहाटे जवानांना उठवताना वाजतो. दुसरा सूर्य मावळताना, झेंडा उतरवताना वाजतो. कांगाव, कोरिया, आणि तो लखनौचा कागद, सारे त्यात आहे. थोरात १९९२ साली वारले.